सात शेर जास्तीचा गेरू

आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. तिथल्या बाई म्हणायच्या, तुझ्या ओळी घसरगुंडीवरून खाली जातात. अजूनही जातात. ही वही कोणाच्या हाती पडली तर त्याने मनात दुरुस्त करून वाचावं, माझी हरकत नाही.

आम्ही भंडारा जिल्ह्यातले. भिलाईत कारखाना उभा राहायला लागला तेव्हा ह्यांना स्टोअरमध्ये कारकुनाची नोकरी लागली आणि आम्ही दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. तेव्हा आम्ही दोघंच होतो. मला बोलायची भीती वाटे. दारावर कोणी आलं तर मी पडद्यामागे उभी राहून नुसतं हं म्हणायची. शेजारी आंध्राचे, पलीकडे केरळचे, समोर पंजाबी, कोपऱ्यावर बंगाली, आणि दूध घालणारी बाई इथलीच छत्तीसगढी. सगळ्यांशी मोडक्या हिंदीत बोलावं लागे. ज्यांचं हिंदी माझ्याहून वाईट होतं त्यांच्याशी माझं बरं जमे.

एकसष्टच्या जनगणनेसाठी आमच्या भागाचं सामान सांभाळायचं काम ह्यांच्यावर आलं. का, तर स्टोअरचा माणूस आहे, वजनमापं कळतात. गणतीच्या कचेरीत कुलूप लागेल अशी खोली नव्हती, म्हणून सामान आमच्याच घरी ठेवायचं ठरलं. घराचं भाडं वगैरे काही मिळणार नव्हतं. उलट सामान हाती घेण्याआधी ह्यांनी दीडशे रुपये जामीन भरायचे होते. सामान बरोबर परत केलं की दीडशे परत.

दीडशे आमच्याकडे कुठले. ह्यांची मोठी बहीण चरोद्याला रेल्वेच्या वस्तीत राहायची. तिचे यजमान गाडीवर गार्ड होते. तिच्या पोरीचं लग्न वैशाखात धरलं होतं आणि त्याचे पैसे तिने पत्र्याच्या डब्यात साठवून ठेवले होते. त्यातले दीडशे तिने दिले. देताना डबा मांडीवर घेऊन बसली.

"भाऊ," ती म्हणाली, "वैशाखाच्या आधी पाह्यजे मले. नाही भेटले तर जावयाले तुमची जनगणना देऊ का हुंड्यात?"

हे म्हणाले, "बाई, फाल्गुनात गणती संपते. चैत्रात पैसे हातात."

मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "तू साक्षीदार आहेस वं. बोलत नाहीस तर नको बोलू, पण ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं. त्या दिवसापासून दुसरं काही ध्यानात राहिलंच नाही.

सामान दिवाळीच्या आधी आठ दिवस बैलगाडीने आलं. कागदांचे गठ्ठे, शाईच्या पुड्या, टाक, निबांच्या डब्या, सुतळी, कापडी पिशव्या. गठ्ठे इतके की पुढची खोली छतापर्यंत भरली. उरलेले खाटेखाली गेले. खाटेवर पडलं की वाटे, आपल्याखाली सगळी भिलाई कोरी पडली आहे, अजून कोणाचं नाव नाही, कोणाचं वय नाही. पाहुणा आला की त्याला गठ्ठ्यावर बसवायचं आणि उठला की गठ्ठा मोजायचा, असा ह्यांचा नियम होता.

आणि दोन पोती गेरू. एकेक मणाचं, म्हणजे चाळीस शेरांचं पोतं. घरोघरी दारांवर नंबर टाकायला. ती पोती स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला ठेवली, कारण पुढे जागा नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर बाईमाणसाच्या घरात दोन मण गेरू आला तर काय होतं ते कचेरीतल्या पुरुषांना कळण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे ओटा, उंबरा आणि तुळशीचं बूड गेरूने सारवल्याशिवाय दिवाळी नाही. आंध्रवालीला रांगोळीच्या कडेने लाल पट्टा लागायचा. केरळवालीला काय लागायचं मला माहीत नाही, पण तीही वाटी घेऊन आली. गेरू आणायचा तर दुर्गच्या बाजारात जावं लागे. इथे तर तो चुलीजवळ.

पहिल्यांदा आंध्रवाली आली. "दीदी, थोडा लाल मिट्टी. दीवाली बाद वापस."

नाही कसं म्हणायचं हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. मी हं म्हटलं. ती वाटी भरून घेऊन गेली. तासाभरात दुसरी आली. मग पंजाबीण घमेलं घेऊन आली, म्हणाली, आमच्यात लागत नाही पण सगळ्या नेतायत म्हणून. दूधवालीने दुधाचं माप रिकामं करून त्यात नेला. मी सगळ्यांना हं म्हटलं. एक ओटा मीही सारवला, ते कबूल करते.

दिवाळी झाल्यावर नंबर टाकणारे मास्तर आणि चौकीदार सामान न्यायला येणार होते. त्याच्या चार दिवस आधी ह्यांनी स्टोअरमधून वजनकाटा आणला आणि पोती तोलली. एक पोतं भरलेलं होतं. दुसऱ्यात अठरा शेर कमी.

ह्यांनी पोत्याला कुठे भोक आहे का ते चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "उंदीर गेरू खातात का?"

मी सांगून टाकलं. हे रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "बाईचे दीडशे गेले."

आता उसनं दिलेलं मागायचं कसं. मी पदर डोक्यावर घेतला, आंध्रवालीच्या दारात गेले आणि तिथेच उभी राहिले. तिने विचारलं काय झालं. मी म्हटलं, "वो लाल मिट्टी... सरकार का था." एवढंच. पुढे मला बोलावं लागलं नाही. संध्याकाळपर्यंत चारही गल्ल्यांत बातमी गेली की मराठीणीच्या नवऱ्याला गेरूपायी पोलीस नेणार आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वाट्या परत यायला लागल्या. आमच्यात उसनी वाटी सपाट परत करत नाहीत, शीग लावून देतात, चार चिमटी जास्त. मी समजत होते की हे आमच्यापुरतंच आहे. पण आंध्रवालीने एका वाटीच्या दोन वाट्या आणल्या. ते पाहून केरळवालीने तीन आणल्या, कारण तिच्या मुलुखाची अब्रू होती. पंजाबीणीने तर न वापरलेला गेरू आणि वर आणखी अर्धं घमेलं. दूधवाली म्हणाली, "ले बहिनी, हमर खेत के माटी घलो लाल हे," आणि शेतातली माती पदरातून ओतली.

एवढा गेरू सगळ्यांनी कुठून आणला? काहींनी दुर्गहून. काहींनी शेतातून. केरळवालीचा नवरा लोखंडाच्या दगडाने भरलेल्या मालगाडीच्या वाघिणी रिकाम्या करण्यावर होता. तो रोज संध्याकाळी तांबडा होऊन घरी यायचा. तिने त्याचे कपडे कागदावर झटकून धूळ जमवली होती. मला पिशवी दाखवून म्हणाली, "ये मेरा आदमी का है." मी हं म्हटलं.

सगळं पोत्यात ओतलं. पोतं गच्च भरलं. हे इतके खूश झाले की तोलायचंच विसरले.

मास्तरांनी त्याच पोत्यांतून गेरू नेला आणि नंबर टाकले. पोत्यात वर एक माती, मध्ये दुसरी, खाली तिसरी. त्यामुळे एका सेक्टरचे नंबर विटकरी आले, दुसऱ्याचे नारिंगी आणि मजुरांच्या कॅम्पातले काळपट तांबडे. थोड्या दिवसांनी वरचा साहेब नंबर बघायला आला. कॅम्पात थांबून म्हणाला, "हा रंग वेगळा का?"

हे नंतर मला सांगत होते, "म्हटलं, साहेब, कॅम्प दुरूनच ओळखू यावा म्हणून."

साहेबाने वहीत लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी कागद आला, कल्पना चांगली आहे, रेल्वेची वस्तीही अशीच वेगळी ओळखू यावी, तरी कॅम्पातला तो दुसरा रंग पाच शेर चरोद्याला पाठवावा.

तो दुसरा रंग म्हणजे केरळवालीचा नवरा. हे तिच्या दारात जाऊन आले. त्या माणसाने वाघिणीवरच्या आणखी तिघांना सांगितलं आणि त्या आठवड्यात चार बायका नवऱ्यांचे कपडे कागदावर झटकत होत्या. ते पाच शेर पुड्यांत बांधून चरोद्याला रवाना झाले. पोत्याशी त्यांचा काही संबंध आला नाही.

पुढच्या रविवारी चरोद्याच्या नणंदबाई गाडीने आल्या. आल्या त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"पाह्य," त्या म्हणाल्या. "कालच्याले दाराले टेकून उभी राह्यली तर नंबर लुगड्यावर आला. एकशे चौदा. आता मलेच मोजून घेतील का दारासंगं?"

"बाई, धुतलं की जाईल," हे म्हणाले.

"लुगडं जाईल. नंबर नाही जाऊन राहिला. आन् पैसे?"

"चैत्रात."

फाल्गुनात गणती झाली. आमच्या गल्लीत मोजायला आलेले मास्तर नवीन होते. ह्यांनी त्यांना टाक, शाई, कागद सगळं हातात दिलं, चहा दिला, आणि ते पुढे गेले. आमच्या घरात कोण राहतं हे कोणी विचारलं नाही. त्याचं पुढे सांगते.

चैत्रात उरलेलं सामान परत घ्यायला कचेरीतले बाबू आले. वयस्कर, सर्दी झालेले, चष्म्याची एक काडी सुतळीने बांधलेली. हिंदीत बोलत, मी आपल्या भाषेत लिहिते. त्यांनी निबं मोजली, पिशव्या मोजल्या, सुतळीसुद्धा हाताने मापली. सगळं बरोबर निघालं. मग गेरू. दोन मणांतून दीड मण वाटला होता. वहीप्रमाणे वीस शेर उरायला हवा होता. काट्यावर सत्तावीस भरला.

बाबूंनी पुन्हा तोलला. सत्तावीस.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे काय केलंत हो तुम्ही?"

हे म्हणाले, "जास्त आहे, कमी नाही."

"तेच म्हणतो. कमी असतं तर सोपं होतं. जामिनातून कापलं असतं, पावती दिली असती, चार रुपयांचं काम. वहीत कमीचा रकाना आहे. जास्तीचा रकानाच नाही."

"मग सात शेर टाकून देतो."

"सरकारी पोत्यातला माल टाकला म्हणजे नासधूस."

"कोणाला देऊन टाकतो."

"ती अफरातफर."

"मग तुम्हीच घेऊन जा."

"वीसच्या वर एक चिमूट मला उचलता येत नाही. आणि सत्तावीसचे वीस मी कुठून ओळखू? यातला सरकारी कोणता?"

ते गेरू तसाच ठेवून गेले. वही बंद झाली नाही, आणि वही बंद झाल्याशिवाय दीडशे सुटणार नव्हते.

त्यानंतर नणंदबाई दर रविवारी यायला लागल्या. पुढच्या खोलीतले गठ्ठे गेल्यामुळे बसायला जागा झाली होती, पण त्या मुद्दाम स्वयंपाकघरात येऊन गेरूच्या पोत्यावर बसत. "माहे पैसे याच्यात हाय ना? मग मी याच्यावरच बसतो," म्हणत. पोरीच्या लग्नाची भांडी घ्यायची राहिली होती. भांडेवाला उधार देईना. एकदा त्या चहालाही शिवल्या नाहीत आणि गाडीच्या वेळेला उठून गेल्या.

मी मनाशी ठरवलं की सात शेर आपण गुपचूप परत वाटून टाकू. घेताना बायका आपण होऊन आल्या होत्या. आता मला त्यांच्या दारात जायचं होतं. सात दिवस मी उद्यावर ढकललं. मग एका दुपारी हे कामावर गेल्यावर वाटी भरली आणि निघाले.

बंगालणीने वाटी घेतली, आत गेली आणि वाटीभर नारळाचे लाडू आणून दिले. रिकामी वाटी कशी परत देणार. पंजाबीणीने लोणचं दिलं. घरी येऊन भांडी रिकामी केली, पुन्हा भरली, पुन्हा निघाले. चार खेपांत मी तीन वाट्या गेरू दिला आणि घरात लाडू, लोणचं, चकलीसारखं मुरुक्कू आणि एक भोपळा आला. आंध्रवाली मात्र माझ्या हातातला गेरू बघून एकदम ओशाळली. तिला वाटलं, हिचं अजून येणं बाकी आहे, तोंडाने मागता येत नाही म्हणून आणून दाखवते आहे. तासाभराने ती आली आणि शीग लावलेल्या चार वाट्या गेरू पोत्यात ओतून गेली. मी नको नको म्हणेपर्यंत तिने ओतला होता. नको हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा काढला, आणि तो तिला समजला नाही.

हे संध्याकाळी घरी आले तेव्हा पोत्यात पाऊण शेर वाढला होता.

वैशाखाला आठ दिवस राहिले तेव्हा बाबू पुन्हा आले. रविवार होता आणि नणंदबाई पोत्यावर होत्या. त्यांना उठवून पोतं तोललं. बाबूंनी आकडा बघितला आणि म्हणाले, "हा वाढतोय."

हे खाली मान घालून उभे होते. नणंदबाई भिंतीला टेकल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की त्या आता मनातल्या मनात लग्नातली भांडी कमी करत आहेत.

बाबू स्वतःशीच बोलत होते, "सरकारचा म्हणावं तर वहीत नाही. सरकारचा नाही तर कोणाचा?"

"माझा आहे," मी म्हटलं.

तिघांनी इकडेतिकडे बघितलं. मी पडद्यामागे होते. मग बाहेर आले आणि पुन्हा म्हटलं, "वरचा आहे तो माझा. ह्या पोत्यात पडला."

बाबूंनी कपाळावरचा घाम पुसला. इतका मोकळा झालेला माणूस मी क्वचित पाहिला असेल. "आधी का नाही सांगितलं, बाई? अर्ज लिहा. खाजगी माल परत मिळावा म्हणून. एवढ्यानं भागतं."

मी अर्ज लिहिला. शाळा सुटल्यावर पहिला कागद. मराठीत लिहिला, ओळी खाली गेल्या, बाबूंनी चालवून घेतला. मग नाव-पत्ता तपासायला त्यांनी घरांची यादी काढली आणि बोट फिरवत आमच्या क्वार्टरवर आले.

"अडचण आहे," ते म्हणाले. "हे घर गोदाम लिहिलंय. इथं कोणी राहत नाही."

मोजायला आलेल्या मास्तरांनी छतापर्यंत गठ्ठे पाहिले, चहा प्यायले आणि यादीत गोदाम लिहून पुढे गेले होते.

नणंदबाई भिंतीपासून सुटल्या. "कोणी राहत नाही? मग मघापासून कोनाच्या हातचा चहा पिऊन राहिले तुम्ही? गोदामाच्या?"

बाबू शांतपणे म्हणाले, "ताई, मला दिसतंय. पण यादी वर गेली. आता माणसं वाढवता येत नाहीत."

"गेरू वाढते न् माणूस नाही वाढत," नणंदबाई म्हणाल्या.

शेवटी बाबूंनी अर्जावर माझ्या नावापुढे लिहिलं, गोदामाच्या पत्त्यावर आढळलेल्या खाजगी मालाची मालकीण. त्यावर मी सही केली. पोत्यातून वीस शेर मोजून त्यांनी बाजूला काढला, उरलेला माझ्या परातीत ओतला आणि वही बंद केली. बंद करता करता थांबले.

"खाजगी माल सरकारी गोदामात पाच महिने होता. दर महिन्याला दहा नये पैसे ठेवणावळ. पन्नास नये पैसे होतात. जामिनातून कापतो."

"घर आमचं आहे," हे म्हणाले.

"यादीत नाही," बाबू म्हणाले. तेवढं बोलून ते हसले. हसतात हे मला तेव्हाच कळलं.

त्या साली भिलाईत जेवढी माणसं मोजली गेली त्यांत आम्ही दोघं नाही. हे कधीकधी थट्टेने म्हणायचे, आपण अजून यायचे आहोत.

चार दिवसांनी पैसे सुटले. एकशे एकोणपन्नास रुपये पन्नास नये पैसे. नणंदबाई डबा घेऊनच आल्या होत्या. हे त्यांच्यापुढे पैसे मांडत गेले आणि त्या एकेक नोट बोटाने सारत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "आठ आणे कुठी गेले?"

"ठेवणावळ कापली, बाई."

"कोनाची ठेवणावळ?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "माझी."

"मग दे," त्या म्हणाल्या. "पोरीच्या लग्नाचे हायत. एक पैसा सोडत नाही मी. उद्या तिकडून कोणी कमी म्हणन तर?"

ह्यांच्या खिशात मोड नव्हती. मी आत गेले. दूधवालीचे द्यायला फडताळात ठेवलेले पैसे होते, त्यातून पन्नास नये पैशांचं नाणं घेतलं आणि त्यांच्या डब्यात टाकलं. त्यांनी सगळे पैसे पुन्हा पहिल्यापासून मोजले. दीडशे भरले.

"झाले पुरे," त्या म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण लावलं.